मास्टरजींची क्लॅरिनेट

जबलपूरच्या कांचघर भागात आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो तेव्हा आमच्याकडे एक काळी क्लॅरिनेट होती. बाबा तोफगाड्यांच्या सरकारी फॅक्टरीत टूल रूममध्ये फिटर होते. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, चहा झाला की ते ती काढायचे. पाच तुकडे एकमेकांत बसवायचे, तोंडाकडची पत्ती जिभेनं ओली करायचे आणि आधी नुसतेच खालचे लांब सूर लावत बसायचे. आई त्या वेळी भाजी निवडायची. मध्येच म्हणायची, "आज बरं लागून राहिलं."

शेजारच्या मराठी बिऱ्हाडांना हे आवडत नसे. पेटी चालली असती, तबला चालला असता. क्लॅरिनेट म्हणजे लग्नाचा बँड, आणि बँड म्हणजे आपल्या लोकांचं काम नाही, असं सगळे धरून चालत. आईच्या माहेरी, नागपूरला, ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. मामा येणार असले की क्लॅरिनेटचा डबा पलंगाखाली जायचा.

ती बाबांना दिली होती मास्टरजींनी. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं बँडचं दुकान होतं. बाबा नोकरीला लागून नुकतेच जबलपूरला आले होते, लग्न झालं नव्हतं, खोलीवर जाऊन करायचं काय म्हणून संध्याकाळी त्या दुकानासमोर उभे राहून तालीम ऐकायचे. बरेच दिवस मास्टरजींनी पाहिलं आणि एक दिवस आतून स्टूल आणून दिलं. "खड़े-खड़े क्या सुनते हो भैया, बैठ के सुनो." स्टुलावरून बाबा हळूहळू आत सरकले. पुढं मास्टरजींनी आपली पहिली क्लॅरिनेट त्यांच्या हातात ठेवली. म्हणाले, इसी से मैंने सीखा है, इसी से तुम सीखो.

बाबांना धातू कळत होता, लाकूड कळत होतं, पण हे काळं काय आहे ते कळेना. त्यांनी विचारलं, कौन सी लकड़ी है? मास्टरजी हसले. "लकड़ी नहीं, रबर है. गंधक मिला के इतना पकाते हैं कि पत्थर हो जाए. एबोनाइट बोलते हैं. धूप में मत रखना और गरम पानी मत दिखाना, बस."

लग्नसराईत बाबा कधीकधी त्यांच्या बँडमध्ये उभे राहायचे. लाल कोट आणि झालरीची टोपी घालून. मी एकदा त्यांना वरातीत पाहिलं आणि ओळखलंच नाही. डोळे मिटून, गाल आत ओढून हा कोण वाजवतो आहे, असं मला वाटलं. घरी ते कमी बोलायचे. तिथं मात्र त्यांच्याभोवती माणसं गोळा झाली होती.

एकाहत्तर साली दसऱ्याच्या आधीपासूनच फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला. लढाई होणार हे सगळ्यांना दिसत होतं. बाबा अंधार पडल्यावर यायचे, बुटांसकट पलंगावर टेकायचे आणि आई ताट वाढेपर्यंत झोपलेले असायचे. क्लॅरिनेट रविवारपुरती राहिली. मग रविवारही गेला.

त्याच दिवसांत मास्टरजी आमच्याकडे आले. एरवी ते येत नसत, बाबाच जात. धुतलेला कुर्ता घातला होता. आईनं पोहे केले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि बशी खाली ठेवली. मुलीचं लग्न ठरलं होतं, मझौली गावातल्या एका घरात. ती दीदी मला माहीत होती. दुकानामागच्या अंगणात ती आमच्या वेण्या घालून द्यायची.

"बारात आएगी, बाजा तो अपने लड़के बजा लेंगे," मास्टरजी म्हणाले. "लेकिन बिदाई पे एक क्लारनेट चाहिए, भैया. बाप अपनी बेटी की बिदाई नहीं बजाता. हाथ काँपेंगे मेरे. तुम बजाना."

बाबा उठून त्यांच्या पाया पडले. "मैं ही बजाऊँगा, मास्टरजी."

लग्नाच्या आधी लढाईला तोंड फुटलं. आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले, दिव्याला खोक्याची टोपी केली. संध्याकाळनंतर रस्त्यावर काडी पेटवली तरी कुणीतरी ओरडायचं. गॅसबत्त्यांच्या उजेडात रात्रीची वरात काढणं शक्यच नव्हतं. म्हणून वऱ्हाड दिवसाउजेडी बोलावलं आणि काळोख पडायच्या आत बिदाई उरकायची असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी बाबा रोजच्यासारखे फॅक्टरीचे कपडे घालून तयार झाले. आई डबा हातात घेऊन दारात उभी राहिली.

"अहो, आज? मास्टरजींकडे?"

"सुट्टी नाही भेटली," बाबा म्हणाले. "सगळ्यांच्या सुट्ट्या बंद आहेत. तू जाऊन ये. पोरीला ने."

ते सायकलवर बसून गेले.  आईनं ट्रंकेतून बरी साडी काढली.

लग्न छान झालं. कुणाच्या तोंडी लढाई होती, कुणाच्या तोंडी पुऱ्या. मला आठवते ती शेवटची वेळ. ऊन पिवळं झालं होतं आणि मोठी माणसं घाई करत होती, चलो, चलो, अंधेरा हो जाएगा. दीदीला आतून आणलं. बँडच्या मुलांनी ट्रम्पेटवर काहीतरी सुरू केलं. वरातीत वाजवतात तसलं, उड्या मारणारं. त्यांना दुसरं येतच नसावं. मास्टरजींनी हात वर केला, आणि ते थांबले. ढोलवाला एकटा थोडं वाजवत राहिला, मग त्यालाही अवघड वाटलं असेल. तोही थांबला. दीदी बापाच्या गळ्यात पडली. नुसतं रडणं ऐकू येत होतं, आणि वऱ्हाडाच्या चालू ठेवलेल्या ट्रकचं इंजिन.

परत येताना आई एवढंच म्हणाली, "यांनी यायला पाहिजे होतं ग."

दोन-तीन दिवसांनी मास्टरजी लाडूंचा पुडा घेऊन आले. बाबा घरी होते. आईनं आत बोलावलं, पण ते पायरीवरच थांबले.

बाबा पुढं झाले. "मास्टरजी, वो उस दिन..."

"अरे भैया!" मास्टरजींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "देश का काम पहले. बाजा तो फिर बज जाएगा. तुम आना दुकान पे, फुरसत मिले तो."

बाबा मान हलवत राहिले. मास्टरजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

बाबा दुकानावर गेले नाहीत. लढाई लवकरच संपली, खिडक्यांचे कागद आईनं ओल्या फडक्यानं सोडवले, पण ओव्हरटाइम आणखी काही काळ चालला आणि तेवढं कारण पुरलं. मग ते सुपरवायझर झाले. फॅक्टरीतून येताना ते बाजारातून यायचे, ते आता मागच्या गल्लीतून येऊ लागले. रस्ता लांबचा होता आणि पावसाळ्यात चिखलाचा. आईनं एकदा विचारलं, "काहून तिकडून येता?" ते म्हणाले, बाजारात गर्दी असते.

क्लॅरिनेटचा डबा पलंगाखाली ओल येते म्हणून वरच्या फळीवर गेला. डब्याची कडी कधीतरी तुटली आणि तो पाव उघडाच राहू लागला. फळीच्या वर झरोका होता. सकाळचं ऊन तिथून येऊन थेट डब्यावर पडायचं. मी ते रोज पाहत होते, म्हणजे डोळ्यांसमोर होतं. त्याचं काही होत असेल असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

मी कॉलेजात असताना मास्टरजी गेले. बाबा घाटावर जाऊन आले, आल्यावर न जेवता झोपले. काही महिन्यांनी दुकान बंद झालं.

त्यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यांत या गोष्टीचं काही नाही. माझं लग्न गावातच झालं, आम्ही विजय नगरला घर घेतलं. बाबा रिटायर झाले. आई गेली. त्यानंतर बाबांना एकटं ठेवणं बरं नव्हतं, म्हणून कांचघरचं घर सोडायचं ठरलं. सामान काढताना फळीवरून तो डबा खाली आला.

उघडला तर आत क्लॅरिनेट ओळखू येत नव्हती. चहाचा गाळ वाळला की जो रंग होतो, तसली तपकिरी झाली होती, आणि जिथं ऊन जास्त लागलं तिथं शेवाळासारखी हिरवट. चाव्यांखाली, जिथं उजेड पोचला नव्हता, तिथं मात्र जुना काळा रंग तसाच होता. वास यायचा जळक्या काडेपेटीचा. बोट लावलं तर बोटालाही तोच वास.

बाबांनी डबा मांडीवर घेतला. 

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू स्वच्छ करायची हौस. दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवायला गेले असताना त्यांनी तिचा खालचा तुकडा बादलीत गरम पाणी घेऊन साबणानं धुतला. मी आले तेव्हा तो गच्चीच्या कठड्यावर वाळत होता, राखाडी-हिरवा, पूर्वीपेक्षाही वाईट. बाबा फिरून आले आणि तो पाहून जागीच थांबले.

"गरम पाण्यात घातला?"

हे म्हणाले, "थोडंसंच कोमट होतं, बाबा. मळ निघून राहिला होता."

"मळ नाही तो. रबरातला गंधक आहे, वर आला आहे." बाबा रागावले नाहीत, त्यांनी तुकडा उचलून सावलीत ठेवला. "त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मला."

बाजारातल्या एका वाद्यांच्या दुकानदारानं सुचवलं की काळा रंग मारून टाका, नव्यासारखी दिसेल. बाबा म्हणाले रंग नाही. वरचा मेलेला थर काढायचा, खाली ती काळीच आहे. असं म्हणताना मला ते कितीतरी वर्षांनी टूल रूममधले बाबा वाटले.

त्यांनी मागच्या व्हरांड्यात, सावलीत, टेबल मांडलं. सगळ्या चाव्या सोडवल्या आणि जुन्या वर्तमानपत्रावर ज्या त्या जागी मांडून ठेवल्या. नळीत लाकडाचा दांडा घातला, म्हणजे धरायला बरं. मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी थोडा खरखरीत, मग बारीक, मग इतका बारीक की कापडासारखा. गार पाण्यात साबणाचा एक थेंब. घासलं की पिवळं-तपकिरी पाणी निघायचं, आणि पुसलं की खाली कुठंतरी काळ्याची एक रेघ दिसायची. भोकांच्या कडा गोल होऊ नयेत म्हणून तिथं ते काडीला कागद गुंडाळून घासायचे. चार घासण्या, मग पुसणं, मग उजेडाकडे धरून पाहणं. शेवटी पितळेचं पॉलिश फडक्यावर घेऊन जोर न लावता चोळायचं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत बसायचे. व्हरांडाभर गंधकाचा वास भरलेला असायचा, जेवणातसुद्धा तो लागायचा.

असंच एकदा घासता घासता, मान वर न करता, ते म्हणाले, "मी सुट्टी मागितलीच नव्हती."

मला आधी कळलं नाही. "कोणती सुट्टी?"

"त्या दिवशीची. मास्टरजींच्या पोरीच्या लग्नाची."

मी म्हटलं, "पण सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या ना?"

"बंदच होत्या. पण मागितली असती तर अर्धा दिवस भेटला असता. लोकांना भेटला." त्यांनी कागद पाण्यात बुडवला. "साहेबांनी माझं नाव वर पाठवलं होतं. सुपरवायझरसाठी. मी दोनदा त्यांच्या केबिनच्या दाराशी जाऊन आलो. आत जाऊन सांगू काय, बँडमध्ये वाजवायचं आहे म्हणून? लढाई चालू आहे आणि मला लग्नात क्लॅरिनेट वाजवायची आहे? तेव्हापर्यंत साहेबांना माहीतही नव्हतं मी बँडमध्ये उभा राहतो."

"मग मास्टरजींना खरं सांगायचं होतं."

"सांगायला गेलो होतो ना तोंड उघडून. तू होतीस तिथं. त्यांनीच म्हटलं, देश का काम पहले." बाबा पुन्हा घासू लागले. "मग मला ते बरं वाटलं. त्यांनीच कारण देऊन टाकलं. पण त्या कारणाच्या जोरावर मी त्यांच्यासमोर कसा जाऊन बसू? गेलोच नाही मग."

आई हे न समजताच गेली, असं माझ्या मनात आलं. किंवा समजून.

महिनाभरात क्लॅरिनेट काळी झाली. नवीच दिसत होती. कॉर्क बदलले, चाव्या चढवल्या. मी म्हटलं, आता वाजवा. त्यांनी तोंडाला लावली, पण दात पडले होते, कवळी होती. वरच्या दातांची पकडच बसेना. नुसता वारा गेला. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी ती खाली ठेवली आणि म्हणाले, "ही दीदीला देऊन येऊ. तिच्या वडिलांची आहे. आणि तिला सांगून टाकतो एकदाचं."

मझौलीला आम्ही गाडी करून गेलो. बाजाराच्या मागं मोठं घर होतं, अंगणात चण्याचं वाळवण. दीदी आता साठीची, केस पांढरे, पण हसणं तेच. तिनं मला जवळ घेतलं. बाबांना म्हणाली, "चाचाजी, इतने साल में आज रास्ता मिला?" सहजच म्हणाली ती. बाबांनी मात्र मान खाली घातली.

चहा झाला. बाबांनी डबा पुढं केला. तिनं क्लॅरिनेट हातात घेतली, वरून खाली हात फिरवला. "बिल्कुल नई कर दी." मग तोंडाकडच्या भागावर तिचा अंगठा थांबला, पुढंमागं फिरला.

"यहाँ बाबूजी के दाँतों के निशान थे," ती म्हणाली. "दो गड्ढे. छोटी थी तो उसमें नाख़ून फँसाती थी मैं."

मी बाबांकडे पाहिलं. ते दोन खड्डे मलाही आठवले. तोंडाजवळचा भाग सगळ्यात हिरवट झाला होता, आणि तोच त्यांनी सगळ्यात जास्त मेहनतीनं घासला होता, अगदी आरशासारखा होईपर्यंत.

"मुझसे निकल गए, बेटा," बाबा म्हणाले. "मैंने देखा ही नहीं."

"कोई बात नहीं, चाचाजी." तिनं क्लॅरिनेट पदरानं पुसून डब्यात ठेवली.

मग बाबांनी सांगितलं. हिंदीत, अडखळत, मला सांगितलं होतं तसंच सगळं. साहेबांची केबिन, सुपरवायझरचं नाव, न मागितलेली सुट्टी.  त्यांचं झाल्यावर ती म्हणाली, "बाबूजी को मालूम था."

बाबांनी वर पाहिलं.

"ढोल वाले भैया भी तो फॅक्टरी के ही थे. आधे दिन की छुट्टी लेके आए थे. बाबूजी ने उसी दिन पूछ लिया था. घर में बोले, उसकी मजबूरी होगी, कोई कुछ मत कहना. लड्डू भी इसीलिए खुद लेके गए थे, कि आपको आने में शरम न लगे."



"छुट्टी की बात तो उसी हफ़्ते ख़तम हो गई थी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला ते नुसतं आठवत होतं. "फिर मैं मायके आती तो देखती थी. शाम को फॅक्टरी छूटने के टाइम बाबूजी दुकान के बाहर आके बैठ जाते. कहते, भैया अब पीछे वाली गली से जाता है. एक स्टूल खाली रखवाते थे. आप आए ही नहीं, चाचाजी."

कुणीतरी आतून जेवायला चला म्हणून बोलावलं. आम्ही जेवलो. तिनं आग्रह करकरून वाढलं, बाबांनी जे वाढलं ते निमूट खाल्लं. निघताना ती बाबांच्या पाया पडली आणि पुन्हा या म्हणाली. आम्ही हो म्हटलं.

परतीच्या वाटेवर बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं होती. बऱ्याच वेळानं ते बोलले, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही.

"मला वाटत होतं ते रागावले असतील."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"रोज त्याच बाजारातून भाजी आणायची तुझी आई. मी एकटाच फिरून जायचो." मग त्यांनी विचारलं, "काहून नाही गेलो ग मी?"

 मी म्हटलं, बाबा, थोडं झोपा आता, घर यायला वेळ आहे. त्यांनी डोळे मिटले, पण झोपले नाहीत. मिटलेल्या पापण्या हलत होत्या. त्यानंतर ते दोन हिवाळे जगले आणि मझौलीचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही. पुन्हा या असं दीदीनं म्हटलं होतं. तिकडं जाणं आमच्याकडून झालं नाही ते नाहीच.